काकांचा तंबोरा मिरजेत दुरुस्त करून घेतला, त्याचा अनुभव

आधी कामाचं सांगते, बाकीचं सावकाश. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका वयस्कर कारागिरांकडे आमच्या काकांचा तंबोरा दुरुस्तीला दिला होता, २०१९ च्या पुरात पाण्यात राहिलेला. त्यांनी सांगितले दोन महिने आणि लागले साडेचार, सगळा मिळून खर्च आला ११,५०० रुपये, आणि वाद्य असं तयार झालंय की घरी पहिल्यांदा छेडलं तेव्हा काकू निवडत असलेली मेथी तशीच टाकून बाहेरच्या खोलीत आली. माझ्याकडून पाचपैकी पाच. उशिराबद्दल आणि आणखी एका गोष्टीबद्दल खाली लिहिलंय ते वाचा आणि मग जा, पण जा नक्की.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण त्या कारागिरांनीच, म्हणजे चाचांनीच, नको म्हणून सांगितलं. म्हणाले, "ताई, एकट्याचं नाव कशाला टाकता, गल्लीत सगळेच करणारे आहेत, लोकांना गल्लीत येऊ द्या." गल्लीत शिरलात की विचारायला लागत नाही, ओसरीवर भोपळे वाळत घातलेले असतात, आतून कानस घासल्याचा आवाज येत असतो, आणि कुठून तरी एक तार एकसारखी वाजत असते, तीच तीच, मध्येच थांबते, परत तीच.

आता तंबोरा कुणाचा होता ते सांगते. लांबेल थोडं, पण ते सांगितल्याशिवाय त्या माणसानं नक्की काय दुरुस्त केलं हे कळणार नाही.

आमचे काका जन्मले १९४१ साली, सांगलीत, गावभागात. आजोबा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, घरात गाण्याचं म्हणून काही नव्हतं. पण सांगली-मिरजेत वाढलेल्या पोराच्या कानावर गाणं पडायला घरात कशाला असावं लागतंय. सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक केलं म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, बालगंधर्व १९०५ साली पहिल्यांदा शकुंतला होऊन उभे राहिले ते मिरजेत, आणि मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं. खाँसाहेब म्हणजे थोर गवई अब्दुल करीम खाँ. १९३७ मध्ये ते मद्रासकडे दौऱ्यावर असताना प्रवासातच वारले, स्टेशनवर बसून शेवटची प्रार्थना गायले आणि गेले, आणि त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. काका शाळेत असताना सायकलनं मिरजेला जायचे उरुसाचं गाणं ऐकायला, घरी सांगायचे मित्राकडे अभ्यासाला जातोय. रात्रभर ऐकून पहाटे परत यायचे आणि आजोबांना ठाऊक असायचं, ते काही बोलायचे नाहीत.

पुढे वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९६३ साली किर्लोस्करवाडीला ट्रेनी म्हणून लागले. पहिले कित्येक आठवडे काम काय तर लोखंडाचा ठोकळा शिकंज्यात धरायचा आणि कानशीनं घासून सपाट करायचा, सपाट झाला की फोरमन गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून उजेडाकडे धरणार, खालून उजेडाची रेघ दिसली की परत घास. इंजिनिअर होऊन हमाली करायला लागली म्हणून बरोबरची पोरं वैतागायची. काका म्हणायचे मला त्यात मजा यायला लागली, कारण हाताला कळायला लागलं की कुठं उंच आहे, डोळ्याला कळायच्या आधी.

वाडीची एक गोष्ट ते आयुष्यभर सांगत राहिले, प्रत्येक नव्या ट्रेनीला, प्रत्येक पाहुण्याला, आम्हाला तर शंभर वेळा. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकार व्हायला निघालेले. १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथं कळलं की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकला सुटली पण मेकॅनिकल ड्रॉइंग धरून ठेवलं, ते शिकवलं, मग बेळगावला भावाबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, जो शेतकरी आधी घ्यायलाच तयार नव्हते कारण लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, आणि ते स्वतः चित्रकार! त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंग आणि सापांनी भरलेली ३२ एकर माळजमीन दिली आणि तिथं १९१० साली वाडी उभी राहिली. काका म्हणायचे, "एक चित्रकार होऊ शकला नाही आणि एका चित्रकारानं त्याला जमीन दिली, हा कारखाना असा उभा राहिलाय, तेव्हा इथं मला कुणी सांगायचं नाही की गाणं बाहेर ठेवून आत या." आणि मग हमखास पुढचं, की संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर पण त्याच गुर्लहोसूरचे, एका गावानं शाकुंतल पण दिलं आणि नांगर पण दिला. आम्हा पोरांना एका मे महिन्यात फियाटमध्ये कोंबून औंधला नेलं होतं, यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनी १९३८ ला उघडलेलं म्युझियम दाखवायला, तिथं रविवर्म्याच्या सैरंध्रीच्या चित्रासमोर काका इतका वेळ उभे की आम्ही खाली जाऊन ऊसाचा रस पिऊन परत आलो तरी तिथंच.

तंबोरा घेतला १९६६ मध्ये, दोन पगार साठवून, मिरजेतूनच. तेव्हा पुणे-मिरज मीटरगेज होती. बाहेर पाऊस आणि डब्यात गर्दी, काकांनी मिरजेपासून वाडीपर्यंत तंबोरा मांडीवर उभा धरून आणला आणि एका म्हातारीनं विचारलं, "लेका, वीणा घेऊन पंढरीला निघालास व्हय?" ही गोष्ट सांगताना ते दर वेळी त्या म्हातारीचा आवाज काढायचे.

गाणं ते शिकले, सहा-सात वर्षं शिकले, पण गळा नव्हता. हे त्यांना त्यांच्या गुरुजींनी तोंडावर सांगितलं, तुझा कान चांगला आहे, गळा नाही, तू मागं बस. कुणाला लागलं असतं. काका मागं बसले. आणि पुढची चाळीस वर्षं मागंच बसले, तंबोऱ्यावर. पुण्यात घरगुती मैफली व्हायच्या, कुणा बाहेरगावच्या गवयाला तंबोऱ्याला माणूस हवा असायचा, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीकडचं कुणी पुण्यात गाणार असलं की फोन यायचा, आणि काका ऑफिसची पँट बदलून झब्बा घालून निघायचे. पहिल्या पंचमाच्या तारेला मधलं बोट, मधल्या जोडीच्या दोन तारा आणि शेवटच्या खर्जाच्या तारेला तर्जनी, एकाच लयीत, न वाढवता न कमी करता, दोन-अडीच तास. गाणाऱ्याकडे बघायचं नाही, ताना आल्या तर माना डोलवायच्या नाहीत, दाद द्यायची नाही, ते म्हणायचे तंबोरेवाल्यानं दाद दिली की त्याचा हात हलतो.

हाच माणूस दिवसा काय होता ते ऐका. वाडीत सात वर्षं काढून पुण्याला एका मोठ्या पंपाच्या कंपनीत गेले, शॉपचे इनचार्ज, मग वर्क्स मॅनेजर, मग शेवटी व्हाइस प्रेसिडेंट ऑपरेशन्स, तीन प्लँट हाताखाली, दोनेक हजार माणूस. केबिन होती, ड्रायव्हर होता, पण शॉपफ्लोअरवर राउंडला गेले की खिशात एक लांब स्क्रूड्रायव्हर असायचा. टेस्ट बेडवर, म्हणजे चाचणीच्या जागी, पंप चालू असला की त्याचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. गेज सगळं बरोबर दाखवत असलं तरी हे म्हणणार, उघडा, आत कुरकुरतंय. त्यांच्याबरोबर काम केलेले एक निवृत्त सुपरवायझर काकांच्या तेराव्याला आले होते, त्यांनी मला सांगितलं की साहेब उघडा म्हणाले आणि आत काही निघालं नाही असं फार वेळा झालं नाही, आणि जेव्हा झालं तेव्हा साहेब स्वतः थांबून परत असेंब्ली होईपर्यंत शॉपवर उभे राहिले.

आणि गाणं कंपनीत आणलं ते पण त्यांच्या पद्धतीनं. वरचे लोक म्हणायचे वर्षातून एकदा हॉटेलात गझल नाइट ठेवू, पाहुण्यांना जेवण. काकांनी कॅन्टीनमध्ये ठेवलं, सकाळी, पहिली शिफ्ट चालू व्हायच्या आधी, सकाळचे राग एक तास, खुर्च्या नाहीत, सगळे सतरंजीवर, एमडी पण. गायला तरुण पोरं-पोरी, ज्यांना अजून कुणी बोलवत नाही अशी, पण मानधन पूर्ण आणि त्याच दिवशी चेक. चेकबद्दल ते फार कडक होते. म्हणायचे व्हेंडरला पेमेंट उशिरा गेलं तर तो फोन करतो, गवई फोन करत नाही, म्हणून त्याचं आधी.

एकदा कंपनीत मोठा संप झाला होता. युनियनचा जो पुढारी होता तो भजनात पखवाज वाजवायचा, गणपतीत काकांनी त्याच्या भजनी मंडळाला तंबोऱ्याची साथ केली होती, रात्री दोन वाजेपर्यंत. सगळ्यांना वाटलं आता मिटेल. पुढं बोलणीत तो माणूस तसाच ताठ आणि काका पण तसेच ताठ, अठ्ठावीस दिवस संप चालला. काका सांगायचे की गाण्यानं पगाराचा प्रश्न सुटत नसतो, सुटू पण नये, पण अठ्ठावीस दिवसांत आम्ही दोघांनी एकमेकाला एक शब्द घाण बोललो नाही. तो पखवाजवाला काका गेले तेव्हा पुण्याहून एसटीनं आला होता.

आता काकूची बाजू पण लिहिते, नाहीतर हा नुसता गौरवग्रंथ व्हायचा. डिसेंबर आला की काकांची तीन दिवस सुट्टी ठरलेली, सवाई गंधर्वला. सवाई गंधर्व खाँसाहेबांचे शिष्य, त्यांच्या नावानं भीमसेनजींनी १९५३ पासून महोत्सव सुरू केला, म्हणजे मिरजेचाच धागा, असं काकांचं म्हणणं, ते चुकवणार नाहीत. माझ्या चुलतभावाला एका डिसेंबरात टायफॉइड झालेला, हे रात्री महोत्सवाला गेले, पहाटे आले, आंघोळ करून प्लँटवर गेले. काकूनं हे कधी भांडून सांगितलं नाही. परवा बोलता बोलता एवढंच म्हणाली, "सकाळी रियाज, दिवसा कारखाना, रात्री मैफल, मी मधल्या चहात." १९८८ ला दिल्लीची फार मोठी पोस्ट चालून आली होती, ती नाकारली, कंपनीला कारण दिलं आईची तब्येत. आजी तेव्हा ठणठणीत होती. गुरुजी थकले होते पुण्यात आणि त्यांच्याकडे दर गुरुवारी जाऊन तंबोरा लावून देणारं दुसरं कुणी नव्हतं, हे खरं कारण. काकू म्हणते, "दिल्लीला मला जायचं होतं, मला कुणी विचारलं नाही." मला काका फार आवडायचे, पण हे तिचं खरं आहे आणि ते पण त्या तंबोऱ्याला चिकटलेलं आहे.

रिटायर झाले २००१ ला, गावभागातल्या घरी परत आले, तंबोरा पण आला. २०१८ च्या मार्चमध्ये गेले. काकूला आम्ही सांगलीतच विश्रामबागला आमच्याकडे आणलं, तिकडचं घर बंद, तंबोरा खोळीत घालून लाकडी कपाटावर ठेवलेला. आणि मग पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. सांगलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. गावभागात घरात शिरायला होडी. पाणी ओसरल्यावर दार ढकलून आत गेलो तर कपाट आडवं झालेलं आणि तंबोरा त्याच्याखाली, खोळ चिखलानं काळी. आम्ही तो पुसला, गच्चीवर सावलीत वाळवला, आणि तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीचा, सांधा उघडला, भोपळ्याला बुरशी धरली, पॉलिश पांढरं पडलं. एका मोठ्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानात दाखवला तर त्यांनी हात पण न लावता सांगितलं, टाकून द्या, यात काही राहिलं नाही, इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्या, कुणी वाजवणारं आहे का घरात? वाजवणारं कुणी नव्हतं. म्हणून मग तो पाच वर्षं तसाच पडून राहिला, आणि याची मला आता लाज वाटते, कारण मिरज आमच्यापासून किती लांब, अर्धा तास.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी पेपरात आली, काकूनं ती मोठ्यानं वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मी तंबोरा गाडीत घातला.

चाचा सत्तरीच्या पुढचे असतील, मुलगा आणि पुतण्या हाताखाली. त्यांचे पूर्वज म्हणे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. मिरजेत साधारण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हत्यारांचं काम संपत आलं तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी पटवर्धन संस्थानच्या गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता नवीन करायला सुरुवात केली आणि त्यातून ही गल्लीच्या गल्ली तयार झाली. भोपळे येतात मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणीचं. हे सगळं चाचांनी तंबोऱ्याकडे बघत बघत सांगितलं, माझ्याकडे बघत नव्हते.

आणि त्यांचं बघणं हेच खरं तर मला या रिव्ह्यूत लिहायचं होतं. आधी खोळ काढून वास घेतला. मग बोटाच्या मागच्या बाजूनं भोपळ्यावर ठक ठक, वरपासून खालपर्यंत, एका जागी थांबले, परत ठक, मुलाला म्हणाले इथं चीर आहे आतून. वरून काही दिसत नव्हतं. मग दांडी हातात घेतली, उलटी केली, आणि मागच्या बाजूला जिथं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय तिथं अंगठा फिरवला. मला विचारलं, "कुणाचा?" मी म्हटलं काकांचा. "गायचे?" मी म्हटलं शिकले होते. ते म्हणाले, "नाही ताई. हा उभा धरून वाजवलेला आहे, खांद्याला लागून, तासन् तास, वर्षानुवर्षं. गाणारा स्वतःसाठी आडवा घेऊन वाजवतो, त्याची घासण वेगळी. हा साथीचा तंबोरा आहे. तुमचे काका मागं बसणारे होते."

मी काही न सांगता. मला तिथं त्यांच्या ओसरीवर रडू आलं, आणि त्यांनी पोराला चहा सांगायला पाठवलं आणि स्वतः खुंट्या काढायला बसले.

तबली उघडली त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं. भोपळा हलवला तर आत काहीतरी खुळखुळत होतं, पालथा केला तर वाळलेला गाळ पडला, कृष्णेचा, काळा, ओंजळभर, आणि त्यात एक तुटका मणी. चाचांनी तो गाळ कागदात बांधून दिला. काकूला दिला तर म्हणाली, "कुंडीत टाक, चांगली माती असते पुराची."

भोपळ्याची चीर आतून कापड आणि सरस लावून धरली, तबली सरळ करायला वजनाखाली महिनाभर ठेवली, हे उशिराचं एक कारण. दुसरं कारण पावसाळा, दमट हवेत लाखेचं काम नीट बसत नाही. हे त्यांनी आधीच सांगितलं असतं तर मी फोन करकरून त्यांना आणि स्वतःला त्रास दिला नसता. फोन उचलत नाहीत, हे पण लिहून ठेवते, काम करताना खरंच उचलत नाहीत, दुपारी जेवणाच्या वेळेत केला तर मुलगा उचलतो. लेखी एस्टिमेट नाही, पावती मागितली तर वहीच्या पानावर लिहून दिली. आणि ज्या गोष्टीवरून मी खरंच चिडले ती ही, की तारांत ओवलेले, सूर बारीक जुळवायचे जुने मणी बदलून नवे प्लॅस्टिकचे घातले होते, न विचारता. जुने हाडाचे होते, बारीक कमळं कोरलेली. मी म्हटलं ते कुठायत, तर पुतण्या म्हणाला खराब झाले होते. चाचांनी त्याच्याकडे बघितलं, आत गेले, एक डबा पालथा केला, त्यातून तीन शोधून काढले, चौथा तो गाळातला तुटका. तीन परत घातले, चौथा त्यांनी स्वतः बसून हाडातून करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हा वाद्य देतानाच काय ठेवायचं आणि काय बदललं तर चालेल हे सांगा आणि फोटो काढून ठेवा, हा माझा सल्ला.

पॉलिशचं मात्र विचारलं. सगळ्या दांडीला नवं पॉलिश, पण मागची ती घासलेली जागा, तिथं हात थांबवून विचारलं, "ही भरू की ठेवू?" ठेवली.

शेवटचं काम जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज भरून येईल असं करायचं. ते बघायला काकूला घेऊन गेले, शनिवार होता. तारा चढवून आठ दिवस झाले होते, बसू दिल्या होत्या. घोडी जुनीच, हाडाची. चाचांनी एक तार बाजूला सरकवली, बारीक कानस घेतली आणि घोडीवर एक हलका हात फिरवला, तार परत जागेवर, छेडली, मान हलवली, परत बाजूला. असं किती वेळा ते मी मोजायचं सोडून दिलं. घोडीचा माथा पूर्ण सपाट नको आणि फार उतरता पण नको, इतका किंचित बाक हवा की तार तिथं टेकत टेकत सुटली पाहिजे, तरच ती भरून बोलते. काकू एकदम म्हणाली, "हे पण कानसच घासत होते की सुरुवातीला, वाडीला." चाचांनी विचारलं काय, तर तिनं त्यांना तो ठोकळ्याचा आणि उजेडाच्या रेघेचा सगळा किस्सा सांगितला, फोरमनच्या आवाजासकट. काका सांगायचे तसाच. मी काकूला काकांचा किस्सा सांगताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग दोरा. तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा घालून तो केसभर केसभर मागं-पुढं सरकवायचा, एका जागी आला की तारेचा आवाज उघडतो, जणू कुणीतरी खिडकी उघडली. पंचम झाला, जोड झाली, मग पितळी खर्ज. खर्ज लागला आणि चाचा छेडायचे थांबले नाहीत, तसेच छेडत राहिले, डोळे मिटून. काकूनं माझा हात दाबला आणि हळू म्हणाली, "गंधार." चारी तारांत गंधाराची, म्हणजे ग ची, तार नसते, पण खर्ज नीट लागला की त्याच्या आतून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात, शास्त्रात तो षड्जाच्या, म्हणजे सा च्या, पाचव्या हार्मोनिकमधून येतो. काका आम्हाला लहानपणी कान दांडीला लावायला लावायचे, ऐकू आला का, आला का, आणि मी कायम हो म्हणायचे, मला कधी आला नव्हता. काकूला येतो हे मला ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं की नाही देव जाणे.

त्या शनिवारी आला. अगदी स्वच्छ, वरून कुठून तरी.

आता तंबोरा आमच्याकडे बाहेरच्या खोलीत असतो. शेजारच्या गल्लीतली एक अकरावीतली मुलगी गाणं शिकते, तिच्याकडे मोबाइलवरचा तंबोरा होता, ती आता संध्याकाळी आमच्याकडे रियाजाला येते. तिचा स्वर वरचा आणि हा पुरुषी जोडीतला मोठा तंबोरा, तारा काळी एक या खालच्या पट्टीच्या, त्यामुळे ती खालच्या पट्टीत मंद्र साधना करते यावर, चाचांना विचारूनच ठरवलं. छेडायला काकू बसते. बोटं दुखतात म्हणते पण उठत नाही, आणि मुलगी गाताना तिच्याकडे बघत नाही, समोर भिंतीकडे बघते.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी दुपारी नमाजाला बंद असतं, सकाळी अकराच्या आधी जाऊ नका. गल्लीत चारचाकी शिरत नाही, दर्ग्याच्या बाजूला लावून चालत जा, तंबोरा उभा धरा, आडवा नेला तर कोपऱ्यावर दांडी आपटते. पैसे रोख ठेवा. पावसाळ्यात काम देऊ नका, दिवाळी झाल्यावर द्या. घरी आणल्यावर महिनाभर तारा रोज थोड्या उतरवून ठेवायच्या, खोळ सुती शिवून घ्यायची, रेक्झिनची नको, आत दमट हवा कोंडते. आणि वाद्य कुणाचं होतं हे आधी सांगू नका, त्यांना आधी बघू द्या.